लॉइडचं सामान रस्त्यावर

घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला गालिचा धुवायचा, हे शुक्रवारी संध्याकाळी ठरलं. म्हणजे नोरीनने ठरवलं आणि लॉइडने मान हलवली. लॉइड हॅवर्कॅम्प हा इसम आमच्या लार्च स्ट्रीटवर इतकी वर्षं निव्वळ मान हलवून सुखाने राहत होता. त्या शुक्रवारी त्याने ती एकदा जरी आडवी हलवली असती, तर पुढचा सगळा तमाशा टळला असता.

"उद्या तो किम्ब्रो आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसणार," नोरीन म्हणाली. "बरोबर कॅमेरेवाले. आणि हा गालिचा बघ. कुत्रं मरून किती वर्षं झाली, त्याचे डाग अजून जिवंत आहेत."

"अगं, तो टेबलाशी बसणार आहे. गालिच्यावर लोळायला येत नाहीये."

"टेबलापर्यंत काय उडत जाणार आहे?"

लॉइडने मान हलवली आणि गालिचा धुवायचं यंत्र भाड्याने आणायला तो सुपरमार्केटकडे गेला.

हे ट्रेंट किम्ब्रो म्हणजे आमच्या भागातून राज्याच्या विधानसभेला उभे राहिलेले गृहस्थ. मध्यमवर्गाला वाचवायचं, एवढा एकच विषय ते सकाळ-संध्याकाळ लावून धरत. वाचवायचं म्हणजे आधी तो कुठे सापडतो ते दाखवायला हवं, म्हणून एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कॉफी प्यायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असा बेत निघाला. लॉइडचे साहेब रॉजर स्टाउफर हे किम्ब्रोंच्या प्रचारात पुढे पुढे करणारे. त्यांनी लॉइडचं नाव सुचवलं.

"अगदी मधला माणूस हवाय त्यांना," साहेब म्हणाले होते. "फार गरीब नको, लोक दोन मिनिटं हळहळतात आणि चॅनल बदलतात. फार श्रीमंत नको, लोक चिडतात. तू कसा बरोब्बर मधोमध आहेस. तुझ्याइतका मधला माणूस माझ्या पाहण्यात नाही, लॉइड."

ही स्तुती की काय, हे लॉइडला आजतागायत कळलेलं नाही. पण साहेबांच्या बोलण्याला एक शेपूट होतं आणि ते त्याला नीट कळलं होतं. लॉइड पतसंस्थेच्या आमच्या गावातल्या शाखेत कर्जाच्या टेबलावर बसायचा. त्याच टेबलावर डेनिस नावाची एक तरतरीत मुलगीही बसायची. मुख्य कचेरीच्या मते एका टेबलाला एकच माणूस पुरे होता. "शनिवार नीट पार पाड," साहेब म्हणाले, "मग कोणाला ठेवायचं ते बघू."

आणि प्रश्न नुसत्या नोकरीचा नव्हता. नोरीनचा उजवा गुडघा पार झिजला होता. पुढच्याच महिन्यात त्याचं ऑपरेशन करायला विमा कंपनीने मोठ्या मिनतवारीने होकार दिला होता, आणि तो विमा लॉइडच्या नोकरीवर होता. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की गुडघा गेला. आमच्याकडे माणसाचे अवयव हे असे कचेरीला बांधलेले असतात.

नोरीनने तर या गुडघ्यापायी आणखी मोठी किंमत मोजली. ती कट्टर मॅकअ‍ॅलिस्टरबाईंची, म्हणजे किम्ब्रोंच्या विरोधी उमेदवाराची. तिच्या अंगणात बाईंच्या नावाची पाटी रोवलेली. शेजारच्या व्हर्जिल टॅकेटच्या अंगणात तिच्या दुप्पट आकाराची किम्ब्रोंची पाटी. असल्या पाट्यांपायी दोन घरांचं बोलणं मागच्या निवडणुकीपासून बंद होतं. पूर्वी हिवाळ्यात व्हर्जिल लॉइडच्या दारातलाही बर्फ काढायचा. आता तो यंत्र घेऊन बरोबर हद्दीपर्यंत यायचा आणि वळायचा.

ती पाटी शुक्रवारी रात्री नोरीनने स्वतःच्या हाताने उपटली आणि तळघरात नेऊन ठेवली. "गुडघ्यासाठी करतेय," ती म्हणाली. "नाहीतर मेले तरी काढली नसती."

शनिवारी सकाळी सामान बाहेर काढायची वेळ आली, आणि ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. हिरवळीवर ठेवावं, तर तण मारायचं औषध फवारणारा माणूस भल्या पहाटे येऊन गेलेला. त्याने जागोजागी पिवळी निशाणं रोवून ठेवली होती, की दिवसभर गवतावर पाय ठेवू नका. गाडीच्या वाटेवर ठेवावं, तर ती कॅमेरेवाल्यांच्या गाड्यांसाठी मोकळी ठेवायची असं स्टाउफरसाहेबांनी बजावलेलं. गॅरेजमध्ये तर आमच्याकडे कुणाच्याच जागा नसते. तिथे गाडी सोडून बाकी सगळं असतं. राहता राहिली रस्त्याच्या कडेची पट्टी.

"तिथे ठेव. तासाभराचा तर प्रश्न आहे," नोरीन म्हणाली, आणि लॉइडने पुन्हा मान हलवली.

त्याने चाकांच्या ढकलगाडीवरून एकेक वस्तू नेली. सोफा, पलंग, गादी, स्वयंपाकघरातलं टेबल, खुर्च्या, आरसा, काचेचा दिवा, झालंच तर घरात आणून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी. नोरीन उशा आणि हुकूम वाहत होती. भिंतीवरचा लग्नाचा फोटो मशीनचं पाणी उडून खराब होईल म्हणून तिने तोही आणून सोफ्यावर टेकवून ठेवला. मग दोघं आत गेली आणि यंत्र सुरू केलं. त्याचा आवाज असा की शेजारी विमान उतरलं असतं तरी कळलं नसतं.

आता आमच्याकडची रीत अशी आहे, की रस्त्याच्या कडेला ठेवलेली वस्तू नको झालेली असते आणि ज्याने उचलली त्याची होते. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. एक लाल गाडी थांबली, तिच्यातून एक जोडपं उतरलं, दोन खुर्च्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि डिकीत टाकल्या. बाईने घराकडे बघून हात जोडल्यासारखं करून आभारसुद्धा मानले. चांगल्या घरची माणसं असावीत.

त्यानंतर व्हर्जिल टॅकेट वर्तमानपत्र उचलायला बाहेर आला. त्याने सोफा पाहिला. पलंग पाहिला. लग्नाचा फोटो पाहिला, आणि वर्तमानपत्र तसंच जमिनीवर राहिलं. कारण लग्नाचा फोटो कोणी स्वतःहून रस्त्यावर ठेवत नाही. वसंतात आमच्याच गल्लीतल्या नोव्हाकांचं घर हप्ते थकल्यामुळे गेलं, तेव्हा शेरीफच्या माणसांनी त्यांचं सामान असंच कडेला आणून मांडलं होतं, फोटोंसकट. राहिलेली शंका व्हर्जिलने लॉइडच्या अंगणात नजर टाकून फेडून घेतली. मॅकअ‍ॅलिस्टरबाईंची पाटी नव्हती. नोरीनला जोवर स्वतःचं अंगण आहे तोवर ती पाटी तिथून हलणार नाही, हे व्हर्जिलइतकं कोणाला ठाऊक असणार?

"डॉटी!" त्याने बायकोला हाक मारली. "हॅवर्कॅम्प गेले गं!"

"कुठे?"

"रस्त्यावर!"

डॉटीने समोरच्या बर्नाडेट शुल्ट्झबाईंना फोन लावला, आणि बर्नाडेटबाईंनी गल्लीत कोणाला लावायचा ठेवला नाही.

इकडे लॉइड गढूळ पाण्याची बादली ओतायला बाहेर आला. गुडघ्यापर्यंत दुमडलेली जुनी विजार, दाढी वाढलेली, अंगावरून पाणी निथळतंय, आणि साबणाच्या वाफेने डोळे लालभडक. दारात व्हर्जिल उभा. इतक्या काळात पहिल्यांदाच हद्द ओलांडून आलेला.

"लॉइड, बाळा," व्हर्जिलने त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "काही बोलू नकोस."

"अहो व्हर्जिल, आम्ही फक्त..."

"फक्त काय? फक्त एक हप्ता चुकतो, असंच सुरू होतं ते. नोव्हाकसुद्धा 'फक्त'च म्हणत होता."

"नाही हो, तसं नाही. तुम्ही समजताय तसं..."

"मला समजवू नकोस तू. मला सगळं समजतं." व्हर्जिलने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी रोज संध्याकाळी कुठे जातो, सांग बघू?"

"मासे धरायला. तळ्यावर."

"मासा बघितलास कधी माझ्या हातात?"

लॉइडने पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. व्हर्जिलला मासे धरता येत नाहीत, अशी आमची सगळ्यांची समजूत होती, आणि त्यावरून आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केलेली होती.

"गोदामात जातो," व्हर्जिल म्हणाला. "खोकी चढवतो ट्रकमध्ये. सत्तरी उलटल्यावर. डॉटीच्या इंजेक्शनांचे पैसे विम्याने बंद केले, मग काय करणार? गळाची काठी आपली माझ्या छोट्या ट्रकच्या मागे उभी करून ठेवतो, तुम्हा लोकांना दिसावा म्हणून. पोटच्या पोरीलासुद्धा हे सांगितलं नाही मी." त्याने बाहीने नाक पुसलं. "तुला सांगितलं. म्हटलं, आता तू तरी हसणार नाहीस."

आता सांगा, यावर माणसाने 'आमचा गालिचा ओला आहे' असं म्हणायचं? लॉइडने जन्माच्या सवयीने मान हलवली.

तेवढ्यात बर्नाडेटबाई आल्या. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली व्याकरण शिकलेली. अजूनही त्या कोणाच्या वाढदिवसाच्या कार्डातल्या चुका लाल शाईने सुधारून परत पाठवतात. त्यांच्या हातात काचेचं खोलगट भांडं होतं, त्यात ओव्हनमधून काढलेले नूडल्स आणि ट्यूना, वर बटाट्याच्या चिप्सचा चुरा. आमच्याकडे घरात मयत झालं की शेजारणी हा पदार्थ आणतात. आवाज ऐकून नोरीन लंगडत बाहेर आली, तोच बाईंनी ते भांडं लॉइडच्या हातात कोंबलं आणि नोरीनला कवटाळलं.

"रडून घे," बाई म्हणाल्या आणि स्वतःच रडू लागल्या.

"काय झालं? कोण गेलं?" नोरीन घाबरली.

"अशीच धीराची राहा. आणि हे खाऊन घ्या गरम आहे तोवर. एक सांगू? ट्यूनाचे डबे तिकडच्या गावातल्या चर्चमधले आहेत. फुकटचे. मंगळवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगते ना? दर मंगळवारी डोळ्यांचा डॉक्टर कोणाला लागतो गं? रांगेत उभी असते मी, काळा चष्मा लावून. आयुष्यभर मुलं शिकवली, त्याचं हे पेन्शन. परवा रांगेत पुढे माझाच एक विद्यार्थी निघाला. तो मला ओळखत नव्हता आणि मी त्याला ओळखत नव्हते. असं ठरवूनच टाकलं दोघांनी."

मग जे सुरू झालं त्याला आमच्या गल्लीच्या इतिहासात तोड नाही. जो येई तो आधी लॉइडच्या खांद्यावर हात ठेवी, आणि मग आपलं काहीतरी काढी. कोपऱ्यावरच्या घरातला 'पुतण्या' हा पुतण्या नव्हताच, तळघरात ठेवलेला भाडेकरू होता. सगळ्यांनी जिचा हेवा केला ती नवी गाडी दुरुस्तीला गेलेली नव्हती, कर्ज देणाऱ्या कंपनीने ओढून नेली होती. मीही एक गोष्ट सांगितली, पण ती इथे सांगत नाही. रस्त्यावर आलेल्या माणसासमोर कसली लाज, असं ज्याला त्याला वाटत होतं. अर्ध्या तासात लार्च स्ट्रीटची सगळी इस्त्री उतरली.

नोरीनने नवऱ्याला टपालपेटीच्या आडोशाला ओढलं. "सांग त्यांना! आत्ताच्या आत्ता सांग!"

"तू सांग."

"मी कशी सांगू? त्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलंय. हा बघ खांदा, ओला आहे."

"मग सामान गुपचूप आत नेऊ आणि बँकेने मुदत दिली म्हणू."

"आत कुठे नेऊ? गालिच्यावर पाऊल ठेवलं की पचपच आवाज येतोय!"

"मग काय करायचं?"

"मला काय विचारतोस? आणि आपल्या दोन खुर्च्या कुठे गेल्या?"

लॉइड खुर्च्या शोधायला वळला, आणि समोरून किम्ब्रोंच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून स्टाउफरसाहेब उतरले. त्यांनी सोफा पाहिला, गर्दी पाहिली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि हातात नूडल्सचं भांडं घेतलेला आपला मधला माणूस पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"लॉइड, हे काय आहे? मी त्यांना टेबल कबूल केलं होतं."

"टेबल आहे, साहेब. ते तिथे. खुर्च्या जरा..."

"मला आधी सांगायचंस तरी! मी दुसरा कोणी मधला बघितला असता."

पण दुसऱ्या गाडीतून किम्ब्रोंची कॅसिडी नावाची मदतनीस उतरली आणि तिचा चेहरा उजळला. "थांबा! कोणी काही हलवू नका," ती ओरडली. "टेबल काय, टेबल सगळेच दाखवतात. हे कोणाकडे आहे?" तिने भराभर हुकूम सोडले. लग्नाचा फोटो पुढे आणवला. नोरीनला सोफ्याच्या हातावर बसवलं. "ती बार्बेक्यूची शेगडी तेवढी बाजूला करा. ती फार सुखी दिसते." मग लॉइडकडे वळून म्हणाली, "तुम्ही जरा खाली बघा. नाही, इतकं नाही. अजून आशा असल्यासारखं खाली बघा."

स्टाउफरसाहेबांनी मागून लॉइडला अंगठा वर करून दाखवला. म्हणजे हे चांगलं चाललं होतं. लॉइडच्या डोळ्यांपुढे डेनिस आली, विमा आला, गुडघा आला. तो आशा असल्यासारखं खाली बघत राहिला.

किम्ब्रो आले ते सरळ सोफ्यावर चढले, बुटांसकट. त्यांनी एक हात लॉइडच्या डोक्यावर ठेवला, कारण खांदा हाताला फार खाली पडत होता.

"लॉइड," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "सांग या लोकांना, तुझ्या घराचं काय झालं?"

लॉइड हा खोटं बोलता न येणारा माणूस. कर्ज नाकारतानासुद्धा तो खरं कारण सांगतो, म्हणून लोक त्याच्यावर खार खातात. तो चाचरला. नोरीनने त्याच्या पायावर पाय दिला. शेवटी त्याला जेवढं खरं सांगता येण्यासारखं होतं तेवढं त्याने सांगितलं.

"घर... आतून ओलं आहे."

"आतून ओलं आहे!" किम्ब्रोंचा आवाज भरून आला. "मित्रहो, ऐकलंत? या माणसाचं घर रडतंय!"

पुढे ते बरंच बोलले. मध्यमवर्ग हा देशाचा कणा आहे, तो कोणी मोडला, कोणाच्या राजवटीत मोडला, आणि आपण तो कसा सरळ करणार, असं सगळं. एरवी टाळ्या पडल्या असत्या. पण आमच्या लोकांनी नुकतंच एकमेकांसमोर मन मोकळं केलेलं होतं, त्यांना टाळ्यांची आठवणच झाली नाही. आणि मागून आवाज आला. व्हर्जिलचा.

"किम्ब्रोसाहेब, माझ्या बायकोची इंजेक्शनं विम्याने बंद केलीत. त्याचं काय करणार?"

"उत्तम प्रश्न!" किम्ब्रो म्हणाले. "अशाच प्रश्नांसाठी आपल्याला एका टेबलाशी बसलं पाहिजे."

"हे काय इथे टेबल. बसा की."

किम्ब्रोंनी टेबलाकडे पाहिलं. कॅसिडीने घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या गावात भोपळ्याच्या जत्रेचं उद्घाटन होतं. ते सोफ्यावरून उतरले, व्हर्जिलचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि "आपल्यासारख्यांसाठीच मी लढतोय," म्हणून गाडीत बसले. सोफ्यावर त्यांच्या बुटांचे ठसे मात्र राहिले.

व्हर्जिलने तो हात विजारीला पुसला. मग तरातरा आपल्या अंगणात गेला, ती भली मोठी पाटी हिसकून काढली आणि ट्रक मागे घेत घेत लॉइडच्या सामानापाशी आणला. पाटी त्याने ट्रकच्या पाठीत आडवी टाकली.

"टेबलाला ओरखडे पडायला नकोत," तो म्हणाला. "चला रे, हात लावा. माझ्या गॅरेजमध्ये लावून टाकू सगळं. डॉटी जागा करतेय. लॉइड, तू बस. तुला आज काही उचलायचं नाही."

"व्हर्जिल, ऐका, खरंच गरज नाही..."

"बस म्हटलं ना!"

लॉइड सोफ्यावर बसला. शेजारी स्टाउफरसाहेब येऊन बसले. ते गाड्यांबरोबर गेले नव्हते, किंवा गाड्यांनी त्यांना नेलं नव्हतं. त्यांच्या हातात कोणीतरी कागदी बशी दिली होती आणि ते नूडल्स खात होते.

"साहेब, झालं ना नीट?" लॉइडने विचारलं. "म्हणजे... नोकरीचं?"

साहेबांनी घास गिळला. "लॉइड, तुला एक सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगवत नाही. पण तुझं आता जायचं काही राहिलंच नाही, म्हणून तुला सांगायला हरकत नाही." त्यांनी बशी मांडीवर ठेवली. "शाखाच बंद होतेय. या महिन्याच्या अखेरीला. तू, डेनिस, मी, सगळे."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, दोघांतला एक..."

"ते आधी होतं. नंतर मलाच पत्र आलं. तोवर मी किम्ब्रोला शब्द देऊन बसलो होतो. म्हटलं, हा कार्यक्रम जमवून दिला तर त्याच्या कचेरीत मला कुठेतरी चिकटवून घेईल. मुलीची फी भरायची आहे रे." ते रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. "गाडीत आज त्याने मला दोनदा रॉबर्ट म्हणून हाक मारली. माझं नाव रॉजर आहे."

लॉइडला संताप यायला हवा होता, आणि आलाही. या माणसाने कित्येक रात्री त्याची झोप उडवली होती, आणि टांगती ठेवायला मुळात नोकरीच शिल्लक नव्हती. पण शिवी द्यायला त्याने तोंड उघडलं तेव्हा साहेबांच्या टायवर चिप्सचा चुरा सांडलेला दिसला, आणि शिवी काही बाहेर पडली नाही.

"तुझं एक बरं झालं," साहेब म्हणाले. "तुझं आटोपलं तरी. आमचं अजून व्हायचंय." आणि ते उठून पायी चालत घरी गेले.

नोरीन लंगडत आली. "काय म्हणाले?"

"शाखाच बंद होतेय."

"म्हणजे डेनिससुद्धा?"

"डेनिससुद्धा. साहेबसुद्धा."

नोरीन त्याच्या शेजारी बसली. हाताने ती नुसती सोफ्यावरचे बुटांचे ठसे झटकत होती आणि ते जास्तच पसरत होते.

"म्हणजे गुडघा..."

"हो," लॉइड म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने रागाने पुसून टाकलं. "बरं. आता तरी उठ आणि खरं काय ते सांग त्यांना. टेबल चढवलं बघ त्यांनी. पलंगाचे नट काढतायत. थोड्या वेळाने आपलं सगळं घर त्या व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये जाऊन बसेल."

लॉइडने पाहिलं. व्हर्जिल कंबर धरून पलंगाचं एक टोक पेलत होता आणि ज्याची गाडी ओढून नेली होती तो दुसरं. बर्नाडेटबाई आरसा छातीशी धरून पावलं मोजत चालल्या होत्या. गादीखाली सगळे मिळून शिरले होते आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा लॉइडची मान आडवी हलली.

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"आज एवढी माणसं आली आहेत, नोरीन. आपण न बोलावता. खरोखरच वेळ येईल तेव्हा कोणाला बोलवायचं? दुसऱ्यांदा कोण येतं?"

"अरे पण घर अजून आपलंच आहे!"

"अजून," लॉइड म्हणाला.

नोरीनने घराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. आत ओला, स्वच्छ गालिचा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रिकामा पडला होता. मग उठली, गवताच्या कडेला ठेवलेला काचेचा दिवा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि लंगडत ट्रकपाशी गेली.

"जपून हां, व्हर्जिल," ती म्हणाली. "काच आहे."